प्लॉट घेताय? आधी पुराचा हिशेब मांडा: पंचगंगा-कृष्णा काठावर पहिल्यांदा जागा बघणाऱ्यांसाठी

कोल्हापूर-सांगलीकडे जागा बघायला गेलात की एजंट एक वाक्य हमखास ऐकवतो: "इथं पाणी येत नाही हो, २०१९ ला पण आलं नव्हतं." वाक्य खरं असेलही. पण २०१९ ला आलं नाही म्हणजे तुमच्या कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत येणार नाही, असं होत नाही. आम्ही घरासाठी जागा शोधत होतो तेव्हा हा हिशेब स्वतः मांडायला बसलो. माहिती सगळी उपलब्ध आहे, पण ती पाच ठिकाणी पाच मापांत पडलेली आहे: कुठे फूट, कुठे मीटर, कुठे मिलिमीटर, कुठे क्युसेक. ती एका जागी कशी आणायची, ते इथे क्रमाने सांगतो.

हे इंजिनिअरच्या अहवालाला पर्याय नाही. बारावीचं गणित आणि एक्सेल येणाऱ्या माणसाला "घ्यावी की सोडावी" एवढं ठरवायला मात्र पुरतं.

आधी हे जमवा

- जागेचा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, सातबारा उतारा, मोजणीचा नकाशा
- नगररचना कार्यालयाचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा त्या भागाचा नकाशा
- जलसंपदा विभागाचा पूररेषा नकाशा (हा सहज मिळत नाही, पायरी ३ बघा)
- जवळच्या पाणीपातळी केंद्राचे मोठ्या पुरांचे आकडे
- पाणलोट क्षेत्रातल्या पावसाचे निदान ३० वर्षांचे रोजचे आकडे
- लेव्हल घेणारा सर्व्हेयर, अर्ध्या दिवसासाठी
- एक्सेल, गूगल अर्थ आणि बऱ्यापैकी चहा

१. पाणी कुठून येणार ते ठरवा

नवखा माणूस इथेच घसरतो. पूर एकाच जातीचा नसतो आणि प्रत्येक जातीला वेगळा आकडा लागतो.

पंचगंगेचा पूर हा काही दिवस पडलेल्या पावसाचा पूर आहे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या पट्ट्यात सलग तीन-चार दिवस झड लागली, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती भरून वाहिल्या, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की मग पाणी शहराकडे सरकतं. कोल्हापुरात त्या वेळी ऊन असलं तरी पातळी चढतच असते. इथे एका तासाचा पाऊस किती, याला फारसा अर्थ नाही. तीन ते पाच दिवसांची बेरीज बघायची.

शिरोळ तालुक्यात आणखी एक प्रकरण आहे, फुगवटा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच भरलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे साचत जातं. म्हणजे तिथल्या जागेसाठी महाबळेश्वर, कोयना, वारणा हे सगळं तुमच्या हिशेबात आलं. करवीर तालुक्यातल्या जागेसाठी मात्र महाबळेश्वरचा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. टीव्हीवर तोच जास्त दिसतो, हा भाग वेगळा.

तिसरी जात ओढ्या-नाल्यांची. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जे केलं ते काही तासांत केलं. अशा जागेला तीन दिवसांची बेरीज कामाची नाही, तासाचा पाऊस हवा. नदीपासून दोन किलोमीटर लांब आहोत म्हणून निर्धास्त असलेली बरीच कुटुंबं ओढ्याच्या काठावर राहतात. नकाशात त्या ओढ्याचं नाव "गटर" झालेलं असतं, एवढंच.

२. खुणा शोधा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. संगणकाच्या कुठल्याही नकाशापेक्षा भिंतीवरचा चिखलाचा पट्टा जास्त विश्वासाचा.

जागेच्या आजूबाजूच्या जुन्या घरांत जा. वयस्क माणसाला गाठा आणि थेट विचारा, "मामा, २०१९ ला पाणी कुठवर आलतं? २०२१ ला? आणि २००५ ला?" तिन्ही वर्षं वेगवेगळी विचारा, कारण लोकांच्या आठवणीत ती एकमेकांत मिसळतात. "गुडघाभर" हे उत्तर घेऊ नका. कुठल्या पायरीपर्यंत, खिडकीच्या कुठल्या गजापर्यंत, ते बोटाने दाखवायला सांगा. फोटो काढा, खडूने खूण करा. देऊळ, शाळा, तालीम, दूध संस्था इथे अनेकदा रंगाने रेघ मारून तारीख लिहिलेली असते. ती सोन्याहून पिवळी.

प्लॉटच्या मालकाला विचारू नका, त्याला उत्तर द्यायचंच नसतं. भाडेकरूला, दूधवाल्याला, वायरमनला विचारा. वायरमनला तर कुठला डीपी बुडाल्यावर कुठली लाईन बंद करावी लागते, हे तोंडपाठ असतं.

दोन सापळे सांभाळा. पहिला: पूर आला तेव्हाची जमीन आणि आताची जमीन एक आहे का? शेजारी नंतर भराव पडला असेल, रस्ता चार फूट उचलला असेल, तर जुनी खूण आजच्या पाण्याबद्दल सगळं सांगत नाही. भरावामुळे तुमची जागा तुलनेने खड्ड्यात गेलेली असू शकते. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं उघडून वर्षागणिक बघा, भराव स्पष्ट दिसतो. दुसरा: जागेत पाणी आलं नाही, पण वाट बंद झाली होती का? २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. उंचावरच्या सोसायटीतले लोक कोरडे राहिले, पण अडकून पडले. घरात डायलिसिसचा पेशंट किंवा गरोदर बाई असेल तर "कोरडं" या शब्दाचा काही उपयोग नाही.

ज्यांना तांत्रिक गोष्टींची हौस आहे त्यांनी सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची रडार चित्रं बघावीत. रडार ढगांतून आरपार बघतं, म्हणून ऐन पुरातही पाणी कुठवर पसरलंय ते दिसतं, आणि चित्रं फुकट आहेत. पण उपग्रह काही दिवसांनी एकदा वरून जातो, त्यामुळे पाणी सर्वांत उंच असतानाच्या घडीचं चित्र मिळेल याची खात्री नाही. दाट वस्तीत तर रडारला रस्त्यावरचं पाणी नीट ओळखता येत नाही. उपग्रहात कोरडं दिसलं, म्हणून मामांची खूण खोडू नका.

३. पूररेषा नकाशा मिळवा आणि नीट वाचा

आपल्याकडे नदीकाठच्या पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र, तिथे घर बांधायचा विचारच नको. निळी आणि लाल यांच्यामध्ये नियंत्रित क्षेत्र, तिथे अटींवर परवानगी मिळते. जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर हवं, ही त्यातली मुख्य अट.

नकाशा आधी नगररचना कार्यालयात मागा. तिथे टोलवाटोलवी झाली तर पाटबंधारे विभागाच्या कार्यालयात. तिथेही नाहीच, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी, ३० दिवसांची मुदत. अर्जात फक्त "नकाशा द्या" लिहू नका. "अमुक गट नंबरलगतच्या छेदावर निळ्या व लाल रेषेची समुद्रसपाटीपासूनची पातळी मीटरमध्ये द्यावी, सर्वेक्षणाचं वर्ष द्यावं" असं लिहा. नुसत्या रंगीत रेघेने पुढचं काम होत नाही, पातळीचा आकडा हवा.

सर्वेक्षणाचं वर्ष का? कारण रेषा ज्या पुरांच्या आकड्यांवरून काढली त्यानंतर मोठे पूर येऊन गेले असतील, तर ती रेषा जुनी झाली. २०१९ ची तुमच्याकडची खूण लाल रेषेच्या बाहेर निघाली तर कागदापेक्षा खुणेवर विश्वास ठेवा. आणि एक लक्षात असू द्या: "एनए (बिगरशेती) झालंय" याचा अर्थ "पाणी येत नाही" असा होत नाही. दोन वेगळे विषय आहेत.

४. सगळं एका मापात आणा

कोल्हापूरकर पुराची भाषा फुटात बोलतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, सांगलीत ५७ च्या पुढे. २०२४ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर ४७ फुटांच्या आसपास होतं.

हे फूट त्या-त्या ठिकाणच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत. कोल्हापूरचे ५५ आणि सांगलीचे ५७ यांची तुलना करणं निरर्थक. मोजपट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे ते पाटबंधारे खात्याकडून घ्या, मग फुटाला ०.३०४८ ने गुणून त्यात मिळवा.

तरीही तो आकडा जसाच्या तसा तुमच्या प्लॉटवर लावायचा नाही. पुराचं पाणी सपाट नसतं, त्याला उतार असतो. राजाराम बंधारा कसबा बावड्याकडे, म्हणजे शहराच्या खालच्या अंगाला आहे. प्रयाग चिखलीच्या बाजूला त्याच दिवशी पाण्याची पातळी त्याहून वर असते. म्हणूनच पायरी २ मधल्या खुणा लागतात: बंधाऱ्यावर इतके फूट असताना माझ्या गल्लीत पाणी इथवर होतं, ही जोडी एकदा हाती आली की बंधाऱ्याचा रोजचा आकडा तुमच्या दारापर्यंत आणता येतो.

खुणेची आणि प्लॉटची लेव्हल सर्व्हेयरकडून ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) मोजून घ्या. फोनमधल्या ॲपवर, किंवा फुकट मिळणाऱ्या ३० मीटरच्या उपग्रह-उंचीनकाशांवर विसंबू नका. त्यात उंचीची चूक काही मीटरची असू शकते, आणि आपला सगळा प्रश्न दोन-तीन फुटांचा आहे. असे नकाशे पाणी कुठल्या दिशेने वाहील ते बघायला चांगले, बस.

५. पावसाचे आकडे काढा

भारतीय हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस चौकोनी जाळ्याच्या रूपात मोफत मिळतो. एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटरचा. फाईलचा प्रकार जरा त्रासदायक आहे. पायथन येत असेल तर आयएमडीलिब नावाचं मोफत साधन वापरा, नसेल तर कॉलेजातल्या भाच्याला कामाला लावा. अलीकडच्या वर्षांसाठी कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय आकडे आहेत. ते बारकाईने बघायला चांगले, पण लांब पल्ल्याच्या हिशेबाला वर्षं कमी पडतात.

चौकोनाचा सापळा घाटात मोठा आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि खाली उतरून वाईला आलात की हजारसुद्धा नाही. एका चौकोनात अशी दोन टोकं सरासरीत मिसळली की टोकाचा पाऊस बोथट होतो. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला, असे आकडे जाळ्यात तेवढे उंच दिसतीलच असं नाही. म्हणून घाटमाथ्यावरच्या एखाद्या प्रत्यक्ष केंद्राची नोंद मिळाली तर तीही शेजारी ठेवा. दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात, हेही ध्यानात असू द्या, नाहीतर बातमीतल्या तारखा जुळत नाहीत.

आता काम: प्रत्येक वर्षातली सर्वांत मोठी सलग तीन दिवसांची बेरीज काढा. वर्षाला एकच आकडा. ३०-४० वर्षांचे ३०-४० आकडे. त्यांची सरासरी आणि प्रमाणित विचलन एक्सेल एका क्षणात देतो. मग टोकाच्या घटनांचा अंदाज बांधणारी गुम्बेल नावाची पद्धत ("२५ वर्षांचा पाऊस" म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा):

२५ वर्षांचा पाऊस = सरासरी + २.०४ × विचलन
१०० वर्षांचा पाऊस = सरासरी + ३.१४ × विचलन

समजा (हे आकडे केवळ गणितासाठी) सरासरी ३०० मिमी आली आणि विचलन १००. तर २५ वर्षांचा तीन दिवसांचा पाऊस ५०४ मिमी, १०० वर्षांचा ६१४.

३० वर्षांच्या नोंदीवरून १०० वर्षांचा आकडा काढणं हे थोडं धाडसच आहे. म्हणून ६१४ च्या मागे "सुमारे" लावा आणि दशांश चिन्हाच्या पुढे काही लिहू नका. अहवालात ६१४.३७ असं लिहिणाऱ्याकडे मी जरा संशयाने बघतो.

६. आता हवामान बदल मिळवा

ही पायरी लोक एकतर गाळतात, नाहीतर घाबरून भलतंच काही करतात. करायचं ते साधं आहे.

हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. टोकाचा पाऊसही जगभराच्या सरासरीत साधारण त्याच चालीने वाढतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाचा २०२१ चा अहवाल सांगतो. भारतापुरतं बोलायचं तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. एकूण मोसमी पाऊस वाढला नाही तरी हे झालं.

तर तुमचे आकडे घ्या आणि सगळ्यांना १.१० ने गुणा. म्हणजे दहा टक्के वाढ. वरच्या उदाहरणात सरासरी ३३०, विचलन ११०. नवा १०० वर्षांचा पाऊस ६७५ च्या आसपास. आता प्रश्न उलटा विचारा: जुना ६१४ मिमी, ज्याला आपण शंभर वर्षांतून एकदा म्हणत होतो, तो नव्या हिशेबात किती वर्षांनी? उत्तर येतं सुमारे ४९. वीस टक्के वाढ धरली तर सुमारे २७.

इथे जरा थांबून बघा. पाऊस वाढला फक्त दहा टक्के, पण शंभराचे पन्नास झाले. वीस टक्के वाढला तर लाल रेषेचा पाऊस जवळजवळ निळ्या रेषेच्या वारंवारतेने यायला लागला. लोक विचारतात, "दहा टक्क्यांनी काय होतंय?" तर हे होतंय. टोकाच्या घटनांचं गणितच असं आहे की पाऊस थोडा वाढला तरी त्याची पाळी निम्म्यावर येते. नेमके टक्के किती, यावर वाद घालत बसू नका. दहा आणि वीस, दोन्ही करून बघा. दोन्हींत जागा टिकली तर जागा चांगली.

"आमच्या केंद्राच्या ४० वर्षांत तर वाढ दिसत नाही," असं कुणी म्हणेल. एका ठिकाणच्या टोकाच्या पावसात वर्षागणिक इतके चढउतार असतात की एवढ्या नोंदीत हळू वाढ बुडून जाते. वाढ दिसली नाही म्हणून ती शून्य धरणं चूक, आणि शेवटच्या पाच वर्षांत दोन पूर आले म्हणून दर अडीच वर्षांनी येणार म्हणणंही चूकच.

पाऊस दहा टक्के वाढला म्हणजे पाण्याची पातळीही दहा टक्के चढेल, असंही नाही. जमीन आधीच भिजलेली असेल तर जास्तीचा पाऊस जवळजवळ सगळा वाहून येतो. उलट पाणी शेतांत पसरलं की पातळी सावकाश चढते. शेतांच्या जागी भराव आला की पसरायला जागा उरत नाही. धरणांचा विसर्ग कधी झाला यावरही बरंच अवलंबून. हे सगळं नीट मांडायचं तर जलशास्त्राचं मॉडेल लागतं. घरगुती हिशेबात मी एवढंच करतो: २०१९ आणि २०२१ मधली जी खूण उंच ती घ्यायची, त्यावर निदान दोन-तीन फूट ठेवायचे. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझा अंदाज आहे.

७. वर्षांचं भाषांतर शक्यतेत करा

"१०० वर्षांतून एकदा" ऐकलं की डोक्यात येतं, २०२१ ला आला, आता २१२१ ला. तसं नसतं. दरवर्षी एक टक्का शक्यता, मागच्या वर्षी आला असला तरी यंदाही एक टक्का.

वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पाऊस निदान एकदा येण्याची शक्यता, वरच्या उदाहरणाप्रमाणे:

- जुन्या हिशेबाने: सुमारे १८ टक्के
- दहा टक्के वाढीने: सुमारे ३४ टक्के
- वीस टक्के वाढीने: सुमारे ५२ टक्के

एक्सेलमध्ये सूत्र असं: १ वजा (१ − १/वर्षं) चा २० वा घात. तुमच्या कर्जाची मुदत घाला आणि तुमचा आकडा काढा. घरच्यांशी बोलताना "रिटर्न पिरियड" (किती वर्षांतून एकदा, याचं इंग्रजी नाव) म्हणू नका, "हप्ते फिटायच्या आत तीनात एक शक्यता" असं सांगा. चर्चा लगेच शुद्धीवर येते.

८. ठरवा

जागा निळ्या रेषेच्या आत: सोडा, कितीही स्वस्त असली तरी.

निळी आणि लाल यांच्यामध्ये: खाली फक्त पार्किंग, राहणं पहिल्या मजल्यापासून. मीटर, इन्व्हर्टर, बोअरचा स्टार्टर वर. पाण्याच्या टाकीचं झाकण आणि ड्रेनेजचा उलटा प्रवाह अडवणारी झडप बिल्डरकडून लिहून घ्या, तोंडी नको. घरविम्यात पूर आहे का ते वाचून बघा.

लाल रेषेच्या बाहेर, पण सर्वांत उंच खुणेपासून तीन फुटांच्या आत: घ्यायला हरकत नाही, पण जोतं उचला आणि जोत्याची लेव्हल मीटरमध्ये करारात घाला. "रस्त्यापासून दोन फूट" असं लिहिलं, तर उद्या रस्ता उचलला की ते दोन फूट गेले.

फ्लॅट वरच्या मजल्यावर असला तरी लिफ्टचा खड्डा, ट्रान्सफॉर्मर आणि बाहेर पडायची वाट यांच्या लेव्हल विचाराच. विक्री कार्यालयातल्या मुलीला हे माहीत नसतं. साईटवरच्या सुपरवायझरला असतं.

जागा घेतलीच, तर पहिल्या पावसाळ्यात एक वही करा. बंधाऱ्याची पातळी रोज जिल्हा प्रशासन जाहीर करतं. ती ३९ फुटांवर गेली की रोज सकाळ-संध्याकाळ लिहायला लागा, आणि शेजारी तुमच्या जवळच्या ओढ्यात पाणी कुठवर आलं तेही लिहा. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्या गल्लीपुरता स्वतःचा तक्ता तयार होतो: इतके फूट झाले की कोपऱ्यावरचा रस्ता बंद, इतके झाले की गाडी वर न्यायची, इतके झाले की आईला बहिणीकडे पाठवायचं. वहीची एक झेरॉक्स शेजाऱ्यालाही द्या.